पगारपत्रकावरचे दोनशे रुपये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरदार तरुणांच्या पगारपत्रकावर प्राप्तिकर आणि भविष्यनिर्वाह निधी यांच्या आसपास एक लहानशी ओळ असते: व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत हीच रक्कम ३०० होते आणि वर्षाचे बरोबर २,५०० रुपये भरतात, कारण राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने या कराला घातलेली कमाल मर्यादा तेवढीच आहे. फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का कापतात, असे माझ्या हाताखाली नव्याने आलेल्या एका मुलीने मला विचारले, तेव्हा अकरा वर्षे हे पैसे भरत असूनही मला उत्तर देता आले नाही. शोधल्यावर कळले की हा कर केंद्राचा नसून महाराष्ट्र शासनाचा आहे, त्याचा कायदा १९७५ चा आहे आणि रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करणे हा तो आणण्यामागचा हेतू होता. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळानंतर ग्रामीण भागात मागेल त्याला काम देण्याची जबाबदारी या राज्याने अंगावर घेतली आणि तिचा काही भार शहरांतल्या पगारदारांच्या खांद्यावर ठेवला. इतका विचारपूर्वक जोडलेला धागा आमच्या पगारपत्रकावर दर महिन्याला छापून येतो आणि आम्ही त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

हे पत्र लिहिण्याचे निमित्त तो प्रश्न असला, तरी विषय त्याहून मोठा आहे. अभियंते, सनदी लेखापाल, वकील, डॉक्टर, संगणक क्षेत्रातले कर्मचारी अशा पंचविशी ते चाळिशीतल्या शिकलेल्या, कमावत्या वर्गाचे राज्यकारभाराकडे जे दुर्लक्ष आहे, ते बहुतेक करून राज्य आणि शहर या दोन पातळ्यांवरचे आहे. केंद्रीय अर्थसंकल्पाच्या दिवशी आमच्या कार्यालयात कामे थांबतात आणि कररचनेवर तावातावाने चर्चा होते. मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प विधिमंडळात सादर होतो, त्या दिवशी तो सादर झाला हेसुद्धा दहापैकी आठ जणांना ठाऊक नसते. परराष्ट्र धोरणावर आमच्यातल्या प्रत्येकाला मत आहे. आपल्या प्रभागाची हद्द कुठे संपते, हे मात्र विचारावे लागते.

वास्तविक आमचे रोजचे जगणे दिल्लीपेक्षा मुंबईच्या मंत्रालयातून अधिक ठरते. भाड्याच्या घराचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो, तो १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यामुळे. आमच्या गृहनिर्माण संस्था चालतात १९६० च्या राज्याच्या सहकार कायद्याखाली. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, जमीन हे राज्याचे विषय आहेत, आणि महापालिकेचा आयुक्तदेखील राज्य सरकारच नेमते. सर्वांत बोलके उदाहरण कामाच्या तासांचे आहे. खासगी कार्यालयांतल्या कामाचे दिवसाचे तास २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने नऊ ठरवले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये ते दहा करण्यास राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. हा निर्णय योग्य की अयोग्य, यावर दोन मते असू शकतात. परंतु ज्यांच्या दिवसातला एक तास पणाला लागला होता, त्या आम्हा मंडळींपैकी किती जणांनी आपल्या आमदाराला चार ओळींचे पत्र लिहिले? मी लिहिले नाही. चहाच्या टेबलावर विनोद झाले, एक-दोन चित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली आणि आम्ही आपापल्या खुर्चीवर परत गेलो.

आमच्या अलिप्ततेचा याहून मोठा पुरावा गेल्या काही वर्षांत सगळ्या राज्याने पाहिला. मुंबई आणि पुणे यांसारख्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. नवी मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर येथे तर ती २०२० मध्येच संपली होती. निवडणुका लांबत गेल्या, कारभार प्रशासकांच्या हाती राहिला आणि सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यानंतर अखेर जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले. म्हणजे राज्याची सर्वांत मोठी शहरे जवळजवळ चार वर्षे, आणि काही शहरे त्याहून अधिक काळ, एकाही निर्वाचित नगरसेवकाविना चालली. या काळात अंदाजपत्रके मंजूर झाली, रस्ते खोदले गेले, करांचे निर्णय झाले, आणि यांपैकी कशालाही सभागृहात उभे राहून प्रश्न विचारणारा कोणी नव्हता. सुशिक्षित तरुण वर्गाने यावर काही आवाज उठवला असता तर ती त्याच्या नागरिकत्वाची साक्ष ठरली असती. आमच्यापैकी अनेकांच्या तर ही उणीव ध्यानातही आली नाही. नगरसेवक असताना त्याच्याशी ज्यांचा संबंध नव्हता, त्यांना तो नसल्याची जाणीव तरी कशी व्हावी?

मतदानाबाबत फार लिहीत नाही, कारण त्यावर दर निवडणुकीत पुरेसे लिहिले जाते. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झाले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीरमध्ये ते ८४ टक्क्यांच्या घरात होते आणि दक्षिण मुंबईतल्या कुलाब्यात सुमारे ४४ टक्के. शहरी मतदाराने शनिवार-रविवारला जोडून सुट्टी घेऊ नये म्हणून निवडणूक आयोगाला मुद्दाम बुधवारची तारीख निवडावी लागली, यातच आमची पत काय ते दिसते.

मतदानापेक्षा मला मतदार यादीविषयी अधिक सांगावेसे वाटते. कामानिमित्त शहरात आलेल्या असंख्य तरुणांचे नाव अजून गावच्या यादीत आहे. गावाशी असलेली ओढ मी समजू शकतो. माझेही नाव नोकरी लागल्यावर सहा वर्षे गावीच होते आणि मतदानाला एसटीने जाण्यात एक आनंदही होता. पण ज्या शहरात आपण राहतो, कर भरतो, मुलांना शाळेत घालतो, त्या शहराच्या कारभाऱ्यांना आपण यादीतच नाही म्हटल्यावर आपली पर्वा का असावी, हा प्रश्न उरतोच. कायद्यालाही आपण जेथे सर्वसाधारणपणे राहतो तेथीलच नोंद अभिप्रेत आहे. पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा लागतो आणि तो घरबसल्या भरता येतो. पूर्वी पात्रतेसाठी वर्षातली १ जानेवारी ही एकच तारीख धरली जाई, आता एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर यांची पहिली तारीखही धरली जाते, तेव्हा नुकत्याच अठरा वर्षांच्या झालेल्यांनाही वर्षभर थांबावे लागत नाही.

पदवीधर मतदारसंघांची गोष्ट तर आणखी खेदाची आहे. विधान परिषदेत पदवीधरांचे सात प्रतिनिधी असतात. शिकलेल्या वर्गाने कायदे करणाऱ्या सभागृहात आपला माणूस थेट पाठवावा, यासाठी घटनेने केलेली ही खास सोय आहे. या रचनेवर टीका होऊ शकते, पदवी नसलेल्याला दुसरे मत का नाही, असा रास्त प्रश्न विचारता येतो. पण जोवर ती आहे तोवर तिचा उपयोग कोण करून घेतो, हे पाहावे. पदवी मिळून किमान तीन वर्षे झालेल्या आणि त्या मतदारसंघात राहणाऱ्या व्यक्तीला नमुना १८ भरून नाव नोंदवता येते. अडचण अशी की ही यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते, मागच्या वेळचे नाव पुढे चालत नाही आणि १ नोव्हेंबर ही पात्रतेची तारीख धरून होणाऱ्या नोंदणीची मुदत कधी आली नि गेली, हे बहुतेकांना समजतही नाही. ज्यांना ते समजते त्या राजकीय पक्षांचे कार्यकर्ते गठ्ठ्याने अर्ज भरून घेतात. पुढे मतदानात पसंतीक्रम अंकांत लिहायचा असतो, तेथेही पदवीधरांचीच हजारो मते बाद ठरतात. मी स्वतः पदवीधर झाल्यावर बारा वर्षांनी पहिल्यांदा या यादीत आलो, तेही निवृत्त शिक्षक असलेल्या एका शेजाऱ्यांनी अर्ज हातात ठेवला म्हणून.

याच शेजाऱ्यांमुळे मी आयुष्यात पहिल्यांदा एका सुनावणीला गेलो. आमच्या भागातल्या विकास आराखड्यात एका मोकळ्या जागेचे आरक्षण बदलण्याचा प्रस्ताव होता आणि त्यावर हरकती व सूचना मागवल्या होत्या. नोटीस वर्तमानपत्रात आली होती, बारीक टंकात, मी रोज जे पान उलटून पुढे जातो त्या पानावर. हरकत लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या. सुनावणी मंगळवारी सकाळी अकरा वाजता होती, म्हणून अर्धी रजा टाकावी लागली. सभागृहात साठ-सत्तर माणसे होती. त्यांत चाळिशीच्या आतले मी धरून चौघे. माझ्या वाट्याला जेमतेम तीन मिनिटे आली. नकाशावरचे मोजमाप आणि प्रत्यक्ष जागेवरचे मोजमाप यांत तफावत आहे, एवढे मी उपग्रह छायाचित्राच्या आधारे दाखवले. समोरच्या अधिकाऱ्यांनी मान वर करून पाहिले आणि कागद मागून घेतला. माझ्याआधी बोललेल्या आजोबांनी तीच गोष्ट पोटतिडकीने, पण मोजमापाशिवाय सांगितली होती. त्यांच्या तक्रारीला माझ्या आकड्यांचा आणि माझ्या आकड्यांना त्यांच्या चाळीस वर्षांच्या आठवणींचा आधार मिळाला असता तर ती हरकत किती भक्कम झाली असती, हे मला बाहेर पडल्यावर सुचले. निकाल अजून लागलेला नाही.

अशा हरकतींना कोण विचारतो, असे म्हणणाऱ्यांना मुंबईच्या २०१४ ते २०३४ या काळासाठीच्या विकास आराखड्याची आठवण करून द्यावीशी वाटते. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि त्यातल्या चुका पाहून शहरात गदारोळ उठला. वास्तुविशारद, नगररचनाकार, वारसा-जतनाचे काम करणारे लोक आणि साधे रहिवासी यांनी गल्लीबोळांतून फिरून नकाशे ताडून पाहिले आणि हजारो हरकती दाखल केल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा नव्याने दुरुस्त करण्याचे आदेश दिले. मोर्चे निघाले, राजकारणही झाले, हे खरे. तरीही नकाशावरची चूक नेमकी दाखवून देणारा जाणकार नागरिक नसता, तर नुसत्या घोषणांनी ते काम झाले असते असे मला वाटत नाही.

येथे तरुण व्यावसायिकांची खरी गरज आहे. ताळेबंद वाचता येणाऱ्याला महापालिकेचे अंदाजपत्रक वाचता येते. गेल्या वर्षी तरतूद किती होती आणि प्रत्यक्ष खर्च किती झाला, हे दोन रकाने शेजारी ठेवले तरी पुष्कळ काही बोलू लागते. स्थापत्य अभियंत्याला निविदेतले रस्त्याचे थर आणि रस्त्यावर दिसणारे थर यांतला फरक कळतो. वकिलाला अधिसूचनेतला ‘परंतु’ कुठे दडला आहे ते दिसते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करता येतो आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. पण नेमके काय मागायचे हे ज्याला कळते, त्याच्याच अर्जाला उपयोगी उत्तर येते. पुणे महापालिकेने नागरिकांकडून प्रभागातली कामे सुचवून घेऊन अंदाजपत्रकात धरण्याची पद्धत दीड दशकाहून अधिक काळापूर्वी सुरू केली. तेथेही सुचवणाऱ्यांत ज्येष्ठ नागरिकच अधिक दिसतात आणि बाके, नामफलक यांच्या पुढे सूचना फारशा जात नाहीत.

वेळ नाही, ही आमची नेहमीची सबब. ती पूर्ण खोटी नाही. दहा-अकरा तास काम आणि दोन तास प्रवास करणाऱ्या माणसाला नागरिकशास्त्र शिकवू नये. पण ज्या वेळात आम्ही खड्ड्याचे छायाचित्र काढून चार नेत्यांना टॅग करतो आणि खाली आलेल्या प्रतिक्रिया मोजतो, त्याच वेळात नोंदणी क्रमांक मिळणारी रीतसर तक्रार करता येते. टॅग केल्याची नोंद कुठेही राहत नाही, तर तक्रारीच्या क्रमांकावर पुढे अपील करता येते. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना कालमर्यादा घालून दिली आहे आणि ती पाळली नाही तर वर दाद मागण्याची सोय ठेवली आहे, हे किती जणांनी वापरून पाहिले?

दुसरी सबब राजकारणाच्या चिखलाची. तिच्याविषयी एवढेच म्हणतो की या महाराष्ट्रात पेशा सांभाळून सार्वजनिक काम करण्याची परंपरा नवी नाही. महात्मा जोतीराव फुले १८७६ मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद झाले, तेव्हा ते बांधकामाचे ठेके घेणारे व्यावसायिक होते; खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता आणि सार्वजनिक बांधकाम खात्यातली लबाडी त्यांनी जवळून पाहिली होती. मुंबई कायदेमंडळात गेलेले डॉ. आंबेडकर बॅरिस्टरी आणि अध्यापन करत होते. १९३७ मध्ये खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मांडले, त्यात त्यांच्यातला वकील आणि कोकणातल्या कुळांची दैना जाणणारा माणूस दोघेही दिसतात. इतकी थोर नावे घेण्यात धोका असतो, वाचणारा हात जोडून मोकळा होतो. मला फक्त त्यांच्या दिवसाच्या वेळापत्रकाकडे लक्ष वेधायचे आहे.

ज्यांना वर्षभर पूर्णवेळ देणे शक्य आहे, त्यांच्यासाठी २०१५ पासून राज्य शासनाची मुख्यमंत्री फेलोशिप आहे. मध्यंतरी काही वर्षे ती बंद होती. २१ ते २६ वयोगटातल्या, थोडा कामाचा अनुभव असलेल्या पदवीधरांना त्यात शासनाच्या विभागांत काम करता येते. पण जागा साठच्या आसपास, आणि वय सत्तावीस झाले की दार बंद. बाकीच्या लाखोंना शासनाच्या कामाजवळ येण्याचा मार्ग आपापल्या प्रभागातूनच शोधावा लागणार.

आणि तो मार्ग शासनाने अरुंद ठेवला आहे, हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे. गावाकडे माझे चुलते ग्रामसभेत उभे राहून सरपंचाला हिशेब विचारू शकतात. शहरात मला तशी जागा नाही. २००९ मध्ये राज्याच्या कायद्यात शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद झाली, पण मी राहतो तेथे अशी सभा भरल्याचे जुन्या रहिवाशांनाही आठवत नाही. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असे ७४ वी घटनादुरुस्ती सांगते, आणि महानगरपालिका अधिनियमाने या समित्यांवर स्थानिक स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची सोय केली आहे. या जागा नव्या सभागृहांनी कोणाला दिल्या, कोणत्या निकषांवर दिल्या, हे प्रत्येक शहरातल्या तरुणांनी आत्ताच विचारायला हवे. सुनावण्या शनिवारी किंवा संध्याकाळी ठेवाव्यात, दूरस्थ पद्धतीने बोलण्याची मुभा द्यावी, अंदाजपत्रक छायाप्रतीच्या स्वरूपात न टाकता आकडे मोजता-चाळता येतील अशा तक्त्यांत द्यावे, या मागण्यांना फारसा खर्च लागत नाही.

आमच्या वर्गाला एक पथ्यही पाळावे लागेल. आम्ही सादरीकरणे करणारी माणसे; समोरच्याला काही येत नाही असे गृहीत धरून बोलण्याची आम्हाला खोड आहे. आरोग्य निरीक्षक, कनिष्ठ अभियंता, नगरसेवकाच्या कार्यालयात रेशनकार्डापासून दाखल्यांपर्यंतची कामे करणारा मुलगा यांना शहर आमच्यापेक्षा जास्त माहीत असते. त्या सुनावणीत मी आधी आजोबांशी बोललो असतो तर बरे झाले असते, हे मी वर लिहिलेच आहे.

संपादक महोदय, आपल्या वृत्तपत्राकडे माझी एक विनंती आहे. हरकती व सूचना मागवणाऱ्या शासकीय आणि महापालिकेच्या ज्या नोटिसा जाहिरातींच्या पानावर येतात, त्यांचा सोप्या मराठीतला गोषवारा, शेवटची तारीख आणि अर्ज कुठे द्यायचा तो पत्ता, असे एक लहानसे सदर आठवड्यातून एकदा, शक्यतो रविवारच्या अंकात, सुरू करावे. विधिमंडळाच्या संयुक्त समितीपुढे एखादे विधेयक असेल आणि त्यावर लोकांची मते मागवली असतील, तर तेही त्यात यावे. नोटिसा एकत्र करून त्यांचा पहिला मसुदा तयार करण्याचे काम मी आणि माझे तीन सहकारी विनामूल्य करायला तयार आहोत. त्यात एक वकील आहे आणि एक नगररचनेची पदवीधर आहे. मजकूर तपासून कापण्याचा अधिकार अर्थातच आपला.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नोकरदार वाचक, पुणे